साहेबांची मर्जी आणि नोकराची भाकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे आरोग्य, आहार, मुलांचे संगोपन अशा विषयांवर बोलणे होते. यंदा चिटणीसबाईंनी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली, तेव्हा मी म्हटले, “सरकारी नोकरीतली बदली, सस्पेंड होणे आणि चौकशी ह्यांवर बोलेन.” त्या जरा चपापल्याच. बायकांच्या मंडळात हा रुक्ष विषय कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. पण आपल्या दोन गल्ल्यांतली बिऱ्हाडे मनात मोजून पाहा. कोणाचे यजमान तलाठी, कोणाचे पोलिसांत, कोणाचा मुलगा शिपाई, कोणाची सून सरकारी दवाखान्यात परिचारिका. त्यांच्या पगारावर आपल्या चुली पेटतात. आणि ज्यांच्या घरी सरकारी पगार नाही, त्याही रेशनकार्डासाठी, दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी त्याच कचेरीच्या खिडकीपुढे उभ्या राहतात. म्हणजे खिडकीच्या अलीकडे आपण आहोत आणि पलीकडेही आपलीच माणसे आहेत. म्हणून हा विषय आपला आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु ह्यांच्या नोकरीपायी आठ बिऱ्हाडे मांडली आणि मोडली, त्यामुळे ह्या विषयाची पुस्तके घरात आली आणि ती वाचल्यावाचून राहवेना. कायद्याची भाषा बाजूला ठेवून मी घरातल्या भाषेत सांगते.

आधी घरातलाच दाखला घ्या. चांदीची वाटी सापडत नाही. घरात धुणेभांडी करणारी बाई आहे. आपण काय करतो? “उद्यापासून येऊ नकोस,” एवढे म्हटले की झाले. ती काय म्हणते ते ऐकायचे नाही, कपाट पुन्हा शोधायचे नाही. चार दिवसांनी वाटी फडताळामागे सापडते, पण तोवर त्या बाईचे चार घरांत नाव गेलेले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आता दुसरी बाजूही पाहा. बाई रोज दोन तास उशिरा येते, भांडी तेलकट ठेवते, आणि घरातल्या बाईला एक शब्द बोलण्याची मुभा नाही, असे झाले तर ते घर चालेल का? घर चालवणारीच्या हाती काही अधिकार हवाच. सरकारी कचेरीचा सारा प्रश्न ह्या दोन वाक्यांत आहे. वरिष्ठाच्या हाती किती असावे, आणि नोकराला आधार किती असावा?

पूर्वी ह्याचे उत्तर सोपे होते. सगळी मर्जी साहेबांची. इंग्रजी अमलात सरकारी नोकर हा राजाची मर्जी असेल तोवर नोकर, असा कायदाच होता. १९१९ च्या कायद्यात पहिल्यांदा एवढे आले की ज्याने नेमले त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने काढून टाकू नये. पुढे १९३५ च्या कायद्यात आले की बडतर्फ करण्यापूर्वी किंवा खालच्या पदावर ढकलण्यापूर्वी त्या माणसाला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी. स्वातंत्र्य आल्यावर आपल्या राज्यघटनेने ह्या दोन्ही गोष्टी ३११ व्या अनुच्छेदात घेतल्या. गंमत अशी की त्याच्याच आधीचा ३१० वा अनुच्छेद अजूनही म्हणतो की नोकर राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. म्हणजे मर्जी पुसली नाही. तिला ३११ ने वेसण घातली.

ती वेसण घालावी की नाही, ह्यावर घटना समितीतही बराच खल झाला होता. सरदार वल्लभभाई पटेल ह्यांनी १९४९ च्या ऑक्टोबरात तिथे सांगितले होते की अधिकाऱ्याला मंत्र्यांपुढे आपले खरे मत निर्भयपणे सांगता आले पाहिजे. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. नोकराला संरक्षण दिले ते केवळ त्याच्या पोटासाठी दिलेले नाही. उद्या एखाद्या वजनदार माणसाने तलाठ्याला सांगितले, “अमक्या विधवेच्या जमिनीवर माझे नाव चढव,” तर “नाही, साहेब,” म्हणण्याची हिंमत त्याला कुठून यावी? नोकरी एका फोनने जाणार नाही, ह्या भरवशातून. ते संरक्षण तलाठ्याच्या अंगावरचे दिसते, पण पाऊस अडतो त्या विधवेच्या डोक्यावरचा.

वाजवी संधी म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली खेमचंद ह्यांच्या खटल्यात उलगडून सांगितले. आरोप काय आहे हे माणसाला कळले पाहिजे, तो नाकारण्याची संधी पाहिजे. विरुद्ध साक्ष देणाऱ्यांना त्याला उलट प्रश्न विचारता आले पाहिजेत, आपले साक्षीदार आणता आले पाहिजेत. शिक्षा ठरवतानाही त्याचे म्हणणे ऐकावे, असे तेव्हा होते. ती शेवटची दुसरी संधी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. बाकीचे आजही तसेच आहे.

आपल्या राज्यात ह्यासाठी १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत. त्यांत शिक्षांची उतरंड लावलेली आहे. ठपका ठेवणे, बढती रोखणे, वेतनवाढ रोखणे, झालेले नुकसान पगारातून वसूल करणे ह्या किरकोळ शिक्षा. खालच्या पदावर उतरवणे, सक्तीने निवृत्त करणे, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी ह्या जबर शिक्षा. काढून टाकणे आणि बडतर्फ करणे ह्यांतही फरक आहे, तो आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसतो. काढून टाकलेल्याला पुढे सरकारी नोकरीचे दार पूर्ण बंद होत नाही. बडतर्फाला ते सामान्यतः बंद होते. किरकोळ शिक्षेला बहुधा लेखी खुलासा मागवून भागते. जबर शिक्षेला मात्र दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीपुरावे हे सगळे लागते. जेवढी शिक्षा मोठी तेवढे ऐकणे जास्त. ही रचना मला शहाणपणाची वाटते. दूध उतू गेले म्हणून पंचायत बोलवायची नाही, आणि माणसाचा संसार मोडायचा असेल तर मात्र बोलवायची.

आता निलंबनाकडे येते. आपण त्याला सस्पेंड होणे म्हणतो. निलंबन ही कायद्याने शिक्षा नाही, बरे का. चौकशी चालू असताना माणसाने कागदात फेरफार करू नये, साक्षीदारांवर दाब आणू नये, म्हणून त्याला खुर्चीपासून दूर ठेवणे, एवढाच तिचा अर्थ. पण ज्या घरात ते घडते त्या घराला विचारा! ह्यांचे एक सहकारी पुष्कळ वर्षांपूर्वी निलंबित झाले. अकरा महिने दोषारोपपत्रच मिळाले नाही. आरोप काय हे त्यांना ठाऊक नाही, आणि गल्लीला मात्र सगळे ठाऊक! त्यांच्या पत्नी पहाटे चारला उठून पन्नास-पन्नास पोळ्या लाटून खानावळीला देत. मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. पुढे चौकशीत आरोप सिद्ध झाले नाहीत, राहिलेला पगार मिळाला; पण मोडलेले लग्न कोणत्या बिलात काढायचे?

निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. तो अर्धपगारी रजेच्या पगाराइतका असतो, म्हणजे साधारण निम्मा पगार आणि त्यावरचा महागाई भत्ता. पहिल्या काही महिन्यांनंतर, विलंब नोकरामुळे झालेला नसेल तर तो वाढवता येतो, आणि नोकरानेच चौकशी लांबवली असेल तर कमी करता येतो. त्यासाठी, मी दुसरी नोकरी-धंदा करीत नाही, असे प्रमाणपत्र नोकराने द्यावे लागते. हे प्रमाणपत्र वेळेवर न दिल्याने भत्ता अडतो, हे ध्यानात ठेवा.

हा भत्ता म्हणजे उपकार नव्हे, हे आपल्याच राज्याच्या एका खटल्यात ठरले. जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती की फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेल्या आणि अपील केलेल्या निलंबित नोकराला निर्वाह भत्ता द्यायचा तो महिन्याला एक रुपया! मैत्रिणींनो, एक रुपया. १९८३ साली चंद्रभान ताले ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. ज्याच्या अपिलाचा निकाल लागायचा आहे, त्याला आणि त्याच्या लेकरांना महिनाभर एका रुपयात जगायला सांगणे म्हणजे निर्वाहाची थट्टा होती.

दुसरा एक खटला १९७३ चा, मध्य प्रदेशातला. निलंबित नोकर राहत होता रेवा येथे आणि चौकशी ठेवली होती जगदलपूरला, सुमारे ५०० किलोमीटर दूर. निर्वाह भत्ता दिलेला नव्हता. त्याने कळवले की भाड्याला पैसे नाहीत, मी येऊ शकत नाही. चौकशी त्याच्याशिवाय पुढे चालवली आणि त्याला बडतर्फ केले. सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. संधी दिली होती असे सरकार म्हणत होते. पण भाड्याला पैसे न देता पाचशे किलोमीटरवर बोलावणे ही संधी कसली? पान वाढले, पण उंच फळीवर ठेवले, असा तो प्रकार झाला.

तिसरी गोष्ट मुदतीची. २०१५ च्या फेब्रुवारीत अजय कुमार चौधरी ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये. आणि ते दिले असेल तर निलंबन वाढवताना कारणे लिहून आदेश काढावा. महाराष्ट्र शासनानेही २०१९ साली त्याला अनुसरून निर्णय काढला. त्याच २०१५ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका निकालात न्यायालय म्हणाले की खातेचौकशी शक्य तो सहा महिन्यांत, आणि फार तर वर्षभरात संपवावी. ह्यांच्या त्या सहकाऱ्यांच्या वेळी ही तीन महिन्यांची मर्यादा नव्हती. आज जिच्या घरी हा प्रसंग येईल तिने तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर खुणेने लिहून ठेवावी.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ही सरकारी नोकराचीच वकिली करते आहे. थांबा. खिडकीच्या अलीकडची बाजू अजून यायची आहे.

आपण दाखल्यासाठी गेलो आणि खुर्ची रिकामी. “साहेब चहाला गेलेत.” दुसऱ्या दिवशी, “सर्व्हर बंद आहे.” तिसऱ्या दिवशी, “उद्या या.” चौथ्या दिवशी टेबलाखालून हात. अशा माणसाला वरिष्ठाने काही करायचे म्हटले तर चौकशी, अपील, न्यायाधिकरण ह्यांत पाच वर्षे जातात. काही वरिष्ठ तर त्या खटाटोपाला कंटाळून त्या माणसाची बदली दुसऱ्या गावाला करतात. म्हणजे आपली ब्याद गेली, आणि त्या गावच्या बायकांच्या नशिबी आली. संरक्षणाचे पांघरूण पाऊस अडवण्यासाठी दिले. त्याखाली कोणी दिवसा घोरत पडला तर ते ओढून काढण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती हवाच.

घटनेलाही हे ठाऊक आहे. ३११ व्या अनुच्छेदातच तीन अपवाद आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी करणे व्यवहारात शक्यच नसेल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर चौकशीवाचून काढता येते. ह्यावरचा मोठा निकाल १९८५ च्या जुलैत आला. तुलसीराम पटेल ह्यांचा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. हे गृहस्थ जबलपूरला लेखापरीक्षक होते आणि त्यांनी आपल्या वरिष्ठाच्या डोक्यात लोखंडी सळई घातली होती. न्यायालयात गुन्हा शाबीत झाल्यावर खात्याने त्यांना वेगळी चौकशी न करता सक्तीने निवृत्त केले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, हे घटनेला धरून आहे. परंतु त्याच निकालात वरिष्ठांनाही बजावले, की चौकशीचा कंटाळा आला म्हणून, किंवा आपली बाजू लंगडी आहे म्हणून चौकशी टाळता येणार नाही. ती का शक्य नाही ह्याची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत.

ही “कारणे लेखी नोंदवा” ओळ मला सगळ्यात आवडते. आज मला जे सांगायचे आहे ते ह्या ओळीत आहे. अधिकार जरूर द्या, पण तो वापरणाऱ्याला कागदावर कारण लिहायला लावा. मनात आकस असेल तर त्याचे कारण कागदावर लिहिता येत नाही. तोंडी हुकूम वाऱ्यावर जातो. लेखी हुकूम हुकूम देणाऱ्यालाही बांधतो. २०१३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या अर्जावरच्या त्या निकालात म्हटले आहे की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवून घ्यावेत, आणि नेमणुकीला किमान मुदत असावी.

आता आपला सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, बदली. बदली हा वरिष्ठाच्या हातातला सर्वांत सोपा चाबूक. ती शिक्षा मानली जात नाही, म्हणून तिला चौकशी लागत नाही. पण मुलाची दहावी, सासूबाईंचे पथ्यपाणी, नव्या गावात घराची अनामत, ह्यांचा हिशेब आपल्याला विचारा. तरीही मी म्हणेन की बदली करण्याचा अधिकार सरकारकडे असलाच पाहिजे. नाहीतर मुंबई-पुण्याच्या खुर्च्या भरलेल्या आणि मेळघाटात, गडचिरोलीत दवाखान्याला परिचारिका नाही, असे होईल. पूर आला, साथ आली, तर आज रात्री कोणी कुठे जायचे हे तहसीलदाराला ठरवता आले पाहिजे. तिथे रुसून चालत नाही.

मग मध्य कुठे? महाराष्ट्राने तो २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात शोधला. एका पदावर साधारण तीन वर्षे. बदल्या सामान्यतः वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात, म्हणजे मुलांच्या शाळा संपल्यावर. मध्येच बदली करायची तर विशेष कारण लेखी नोंदवायचे आणि वरच्या अधिकाऱ्याची पूर्वसंमती घ्यायची. पुन्हा पाहा, बदलीचा अधिकार काढून घेतला नाही, त्याला काळ आणि कारण जोडले. आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात नोकरालाही बांधले आहे, की एका टेबलावर फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. जाणूनबुजून विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने पुढे जाऊन, ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. तेव्हा “उद्या या” ऐकून परत फिरू नका. अर्जाची पोच घ्या, तारीख विचारा, अपील करा. एका प्रामाणिक पोचपावतीने जे काम होते ते दहा वेळा हात जोडून होत नाही.

मर्जी मोकाट सुटली की तिचा पहिला फटका बायकांना बसतो, ह्याचा एक दाखला देते. सी. बी. मुथम्मा ह्या आपल्या देशाच्या परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. त्या सेवेत १९६१ चा असा नियम होता की बाईने लग्न करण्यापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. आणि लग्नानंतर घरसंसारामुळे तिच्या कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटले तर तिने राजीनामा द्यावा. “सरकारला वाटले तर”, हे शब्द पाहा. पुरुषाला असा नियम नाही. जणू त्याला संसार नसतोच! मुथम्मांना बढती नाकारली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली निकाल लागला त्याआधी सरकारने त्यांना बढती दिली आणि लग्नाच्या परवानगीचा नियम मागे घेतला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्या निकालात अशा नियमांतल्या स्त्रीविषयीच्या दुजाभावावर कडक ताशेरे ओढले. आज आपल्या मुली स्पर्धा परीक्षांना बसतात, त्यांच्या वाटेतला एक काटा त्या बाईंनी काढलेला आहे.

आणि आता एक दुखरी गोष्ट. ज्या संरक्षणाचे मी एवढे गोडवे गायले ते सगळ्यांना नाही. आपल्या मंडळात दोघी अंगणवाडीसेविका आहेत. त्या पोरांना शिकवतात, आहार देतात, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवतात, सरकारी मोहिमा आल्या की घरोघर हिंडतात. पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी ह्यांच्या खटल्यात ठरवले की अंगणवाडीसेविका हे नागरी पद नव्हे. म्हणजे ३११ चे छत्र त्यांच्यावर नाही. त्यांना मिळते ते मानधन. २०२२ च्या एप्रिलमध्ये मात्र न्यायालयाने त्यांना उपदानाचा, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो त्याचा, हक्क मान्य केला. ही एक पायरी झाली. कंत्राटी परिचारिका, कंत्राटी शिपाई ह्यांची अवस्था अशीच. करार संपला की प्रश्नच संपला. एकाच कचेरीत एका खुर्चीला चौकशीवाचून हात लावता येत नाही आणि शेजारच्या खुर्चीला नुसती फुंकर मारली तरी ती उडते. ज्याला फार संरक्षण तो सुस्त, ज्याला मुळीच नाही तो भयभीत; आणि भयभीत माणूस “नाही, साहेब” म्हणू शकत नाही. मला विचाराल तर वरच्याचे थोडे कमी करण्याच्या वादात पडण्यापेक्षा खालच्याला निदान एवढे द्यावे, की काढण्यापूर्वी कारण सांगा आणि त्याचे ऐकून घ्या. ह्याला खजिन्यातून पैसाही फारसा लागत नाही.

आपण बायकांनी काय करावे, हे सांगून संपवते.

घरातल्या नोकरीचे कागद आपल्याला माहीत असावेत. नेमणुकीचा आदेश, बदल्यांचे आदेश, सेवापुस्तकाची प्रत, वर्षाच्या कामाचा अहवाल, हे दागिन्यांच्या डब्याइतकेच जपावे. पूर्वी त्या अहवालाला गोपनीय म्हणत आणि वाईट शेरा असेल तरच कळवीत. २००८ साली देव दत्त ह्यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की प्रत्येक शेरा नोकराला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. तो मागून घ्यावा.

कारणे दाखवा नोटीस आली तर रडत बसू नये आणि यजमानांना रागाच्या भरात राजीनामा लिहू देऊ नये. मुदतीत, सभ्य भाषेत, मुद्द्याला धरून उत्तर द्यावे. वर अपील आहे. त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, ज्याला सगळे मॅट म्हणतात. ते १९९१ पासून चालू आहे. तिथे साधारणपणे अखेरच्या आदेशापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. त्याच्यावर उच्च न्यायालय आहे.

आणि शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. बदली रद्द करण्यासाठी वशिला लावायला आपण बायकाच पुढे असतो. हळदीकुंकवाला साहेबांच्या पत्नीच्या कानावर घालायचे, आमदारांकडे चिठ्ठी मागायची. १९७९ च्या वर्तणूक नियमांनी नोकराला असे बाहेरचे वजन आणायला मनाई केली आहे. एकीच्या यजमानांची बदली वशिल्याने थांबली की जिचा कोणी वाली नाही अशा दुसरीच्या यजमानांवर ती पडते. आपल्याला न्याय हवा तर आपणच मर्जीच्या दारात जाऊन उभे राहू नये. साहेबांनी कारण लिहावे असे म्हणणारीने आपल्या अर्जातही खरे कारण लिहावे, आणि तो अर्ज पुढच्या दाराने द्यावा.

भगिनींनो, साहेबाला अधिकार असावा आणि नोकराला आधार असावा. दोघांच्या मध्ये तीन गोष्टी ठेवाव्या: लिहिलेले कारण, ऐकून घेणे आणि ठरलेली मुदत. ह्या तीन गोष्टी असल्या की चांगल्या साहेबाचे काही अडत नाही आणि चांगल्या नोकराला रात्री झोप लागते. नसल्या की कामचुकार आणि जुलमी, दोघांचेही फावते. आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना शेवटी सोसतो तो संसार आपलाच असतो.